मोडलेला मेळ

२६ मे २०२५ रोजी मोसमी पाऊस मुंबईत पोचल्याचं हवामान खात्यानं जाहीर केलं. मुंबईसाठी खात्याची नेहमीची तारीख ११ जून. दोन आठवडे आधी आलेल्या या पावसाचं शहरात कौतुक झालं, पण ज्यांची कामं पावसाच्या तारखेवर बेतलेली असतात त्यांना तो महिना फार वाईट गेला. त्याआधीही वळीव कोसळतच होता. नाशिककडे काढून शेतात ठेवलेला उन्हाळ कांदा चाळीत जाण्याआधी सडला. कोकणात शेवटच्या तोड्याचा आंबा झाडावरच डागाळला. मग मे संपता संपता पाऊस थबकला आणि जूनच्या मध्यापर्यंत राज्याचा बराच भाग कोरडा राहिला. कृषी विभाग सांगत होता, पेरणीची घाई करू नका. पण जमीन वाफशावर आलेली डोळ्यांना दिसत असताना बियाणं घरात ठेवून थांबायला काळीज फार घट्ट लागतं. आणि मग सप्टेंबर आला. सोयाबीन शेंगांनी भरलेलं, काढणी तोंडावर, अशा वेळी मराठवाडा आणि सोलापूरच्या भागात सीना, मांजरा, गोदावरी पात्र सोडून शेतात शिरल्या. पिकं गेली, दावणीची जनावरं गेली, कित्येक ठिकाणी काळी मातीच खरवडून गेली आणि खाली मुरूम उघडा पडला.

देशाच्या पावसाळ्याची बेरीज त्या वर्षी सरासरीच्या १०८ टक्के भरली. कागदावर उत्तम वर्ष.

एका वर्षावरून हवामानाचा निष्कर्ष काढता येत नाही, हे खरं. म्हणूनच या लेखात एका वर्षाऐवजी गेल्या पाऊणशे वर्षांत पश्चिम किनारा, सह्याद्री आणि त्यामागचं पठार यांचं काय होत आलं आहे ते पाहायचं आहे. हवामानबदल म्हटलं की डोळ्यांसमोर वितळणारा बर्फ येतो आणि अंश सेल्सिअसचा एक आकडा येतो. आपल्या भागात तो अंशांच्या रूपानं क्वचित भेटतो. तो भेटतो मेळ मोडण्याच्या रूपानं. आपल्याकडे पावसाळ्याचे भाग नक्षत्रांनी पाडलेले आहेत: रोहिणीत धूळवाफ पेरणी, मृगात पेरा, पुढे आर्द्रा-पुनर्वसूची लावणी, आणि हस्ताच्या पावसानं मुरलेल्या ओलीवर रब्बीची ज्वारी. हे पंचांग ज्योतिषापेक्षा अनुभवातून आलेलं आहे. माणसाची कामं, पिकांची वाढ आणि आभाळ यांचा शतकानुशतकं बसत गेलेला मेळ त्यात आहे. असाच मेळ आंब्याच्या मोहोराचा थंडीशी आहे, तारलीचा सूक्ष्म वनस्पतींशी आहे, कासवाच्या अंड्यांचा वाळूच्या उबेशी आहे. तापमान थोडं सरकतं आणि हे सगळे सांधे एकेक करून निखळू लागतात.

सुरुवात समुद्रापासून करायला हवी, कारण आपलं हवामान तिथं शिजतं. हरितगृह वायूंमुळे पृथ्वीवर अडकून राहिलेल्या जादा उष्णतेपैकी ९० टक्क्यांहून अधिक उष्णता महासागरांनी पोटात घेतली आहे. केंद्राच्या भूविज्ञान मंत्रालयानं २०२० साली भारतापुरता एक मोठा आढावा प्रसिद्ध केला. त्यानुसार १९०१ ते २०१८ या काळात देशाचं सरासरी तापमान ०.७ अंशांनी वाढलं. उष्णकटिबंधीय हिंदी महासागराच्या पृष्ठभागाचं तापमान मात्र १९५१ ते २०१५ या निम्म्या काळातच एका अंशानं वर गेलं. अरबी समुद्र याच महासागराचा कोपरा. तीन बाजूंनी जमीन असल्यामुळे त्याला उत्तरेकडे उष्णता सोडायला वाट नाही.

हवा एका अंशानं तापली की तिची बाष्प धरून ठेवण्याची ताकद सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. म्हणजे ढगाची घागर मोठी झाली. घागर मोठी झाली की ती भरायला वेळ जास्त लागतो, आणि उपडी होते तेव्हा एकदम होते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या, आणि त्यांना लागणारं बाष्प मुख्यतः अरबी समुद्राकडून येतं. त्याच काळात मोसमी पावसाची एकूण बेरीज देशभरात सुमारे ६ टक्क्यांनी घटली, आणि ठळक घट झालेल्या भागांत पश्चिम घाट आहे. ही दोन वाक्यं एकत्र वाचली की मराठवाड्यातल्या शेतकऱ्याचं कोडं उलगडतं: पाऊस कमी झाला म्हणावं तर पूर येतो, जास्त झाला म्हणावं तर विहीर जानेवारीत तळ गाठते. पाण्याचा हिशेब मिलिमीटरमध्ये करून भागत नाही, तासांत करावा लागतो. संथ पडलेला १०० मिलिमीटर पाऊस आठ दिवस जमिनीत मुरतो. तोच तीन तासांत पडला तर माती घेऊन नदीला जातो.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा आपण त्याला शतकातून एकदा घडणारी गोष्ट म्हटलं होतं. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटरची नोंद झाली. त्याच पावसात चिपळूण बुडालं, आणि २२ जुलैच्या संध्याकाळी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर डोंगर आला. ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्याआधी ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाडलं गेलं होतं, १५१ मृत्यू. पुढे १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरची इर्शाळवाडी गेली. २७ मृतदेह मिळाले, ५७ जणांचा शोध थांबवावा लागला. ही ठाकरवाडी धोकादायक गावांच्या सरकारी यादीत नव्हती.

या वाक्यापाशी थांबायला हवं. दरडींच्या याद्या मागच्या अनुभवावर बनतात: जिथं पूर्वी डोंगर सरकला, जिथं भेगा दिसल्या, जिथं उतार अमुक अंशाचा आहे. सह्याद्रीचा कातळ कठीण असला तरी त्यावर कुजलेल्या दगडाचा आणि मातीचा थर बसलेला असतो. त्या थरात पाणी भरत गेलं की तो जड होतो आणि खालच्या कातळावरची त्याची पकड सुटते. किती पाणी एका दमात आलं तर ती सुटेल, याची मर्यादा प्रत्येक उताराला असते. पूर्वी जी मर्यादा शंभर वर्षांत एखाद्या वेळी ओलांडली जायची, ती आता एका माणसाच्या हयातीत दोन-तीनदा ओलांडली जाते. त्यामुळे कालपर्यंत सुरक्षित असलेली वाडी आज धोक्यात असू शकते आणि जुनी यादी तिला ओळखत नाही. यात भर आपण घातलेली आहे. घाटातले रस्ते उताराचा पाय कापून रुंद केले, डोंगरमाथ्यावर जेसीबीनं सपाटी केली, ओहोळांच्या वाटा भरावानं बुजवल्या. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट तज्ज्ञ समितीनं २०११ साली या घाटांचं संवेदनशीलतेनुसार वर्गीकरण करून दिलं होतं आणि निर्णय ग्रामसभांना विचारून घ्या असं म्हटलं होतं. त्या अहवालावर चर्चेपेक्षा आरडाओरडा जास्त झाला. माझ्या मते तो अहवाल बाजूला पडल्याची सगळ्यात मोठी किंमत तळिये आणि इर्शाळवाडीसारख्या गावांनी मोजली, आणि त्यांना तो अहवाल कुणी वाचून दाखवलाही नव्हता.

समुद्र तापल्याचा दुसरा परिणाम वादळांत दिसतो. अरबी समुद्र शांत, चक्रीवादळं बंगालच्या उपसागराची, ही किनाऱ्यावरची पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत होती आणि ती बरोबर होती. १९८२ ते २०१९ या काळाच्या अभ्यासात पुण्याच्याच संस्थेला असं आढळलं की अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली, अतितीव्र वादळांची दीडशे टक्क्यांनी, आणि वादळं पूर्वीपेक्षा जास्त काळ टिकू लागली. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं. माणसं आधीच हलवल्यामुळे प्राणहानी थोडी झाली, हे यंत्रणेचं मोठं यश. पण श्रीवर्धन-मुरुडच्या वाड्यांमधली सुपारी आणि नारळ एका दुपारी आडवी झाली. सुपारीचं रोप लावल्यापासून फळ हाती यायला सहा-सात वर्षं लागतात. भरपाईचा धनादेश एकदा येतो. उत्पन्नाची खोट त्या घराला सात वर्षं सोसावी लागते, आणि मुलगा तोपर्यंत मुंबईला नोकरीला लागलेला असतो. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं. ते किनाऱ्याला समांतर गुजरातकडे गेलं, तरी सिंधुदुर्ग-रत्नागिरीत आंब्याचा उरलेला हंगाम झोडपून गेलं आणि मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात पी-३०५ हा तराफा बुडून सत्तरच्या आसपास कामगार दगावले.

आंब्याचा विषय आला आहे तर त्यावर थोडं रेंगाळतो, कारण मेळ मोडणं म्हणजे काय हे हापूसइतकं नेमकं दुसरं कुठलंच झाड सांगत नाही. पावसाळा संपला की झाडाला पालवी येते, ती जून व्हायला हवी. मग कोरडी हवा आणि रात्रीची थंडी पडली की तिच्या टोकांना मोहोर फुटतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत पाऊस लांबला की झाड पुन्हा पालवीच काढतं आणि मोहोर महिनाभर पुढे जातो. थंडी आली, पण मध्येच ढगाळ हवा झाली की तुडतुडे आणि फुलकिडे मोहोरावर बसतात, भुरी आणि करपा येतो, फवारण्या वाढतात. थंडी फार लांबली तर आणखी वेगळी आपत्ती. वाटाण्याएवढं, सुपारीएवढं फळ धरलेल्या फांदीलाच पुन्हा मोहोर येतो आणि झाड पोसायला घेतलेलं जुनं फळ सोडून देतं. बागायतदार याला पुनर्मोहोर म्हणतात. मार्चमध्ये पारा अचानक चढला की फळगळ होते आणि सालीवर उन्हाचे चट्टे पडतात. या सगळ्यातून वाचलेलं फळ उशिरा, मेच्या मध्यावर तयार होतं, आणि तेव्हा वळीव किंवा वादळ दारात असतं. प्रत्येक टप्प्यावर हवामान दोन-चार दिवसांनी चुकलं तरी पुरेसं आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं पुनर्मोहोरावर आणि फळगळीवर उपाय सुचवले आहेत, बरेच बागायतदार ते करतात. खर्च वाढत जातो. बाग कराराने घेणाऱ्याला तो परवडेनासा झाला की सगळ्यात आधी राखणीला आणि फवारणीला येणाऱ्या मजुरांचे दिवस कमी होतात.

समुद्राच्या आतही तसंच चाललं आहे, फक्त ते किनाऱ्यावरून दिसत नाही. पाण्याचा वरचा थर तापला की तो हलका होऊन दुधावरच्या सायीसारखा वर बसून राहतो. खालचं थंड, पोषक क्षारांनी भरलेलं पाणी वर यायला अडतं. सूक्ष्म वनस्पतींना खत मिळेनासं होतं. पश्चिम हिंदी महासागरात सहा दशकांत या वनस्पतीप्लवकांमध्ये २० टक्क्यांपर्यंत घट झाल्याचा अंदाज कोल यांच्या २०१६ च्या अभ्यासात आहे. सगळ्या मासळीचं जेवण शेवटी याच हिरवळीवर अवलंबून असतं. याशिवाय उत्तर अरबी समुद्राच्या मधल्या थरांत प्राणवायू मुळातच फार कमी. अशा पाण्यात तगणारा नॉक्टिल्युका नावाचा एक सूक्ष्मजीव गेल्या काही दशकांत हिवाळ्याअखेर प्रचंड प्रमाणात माजू लागला आहे. जोआकिम गोएस आणि हेल्गा गोम्स या मूळच्या गोव्यातल्या शास्त्रज्ञ जोडीनं त्याचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आहे. रात्री लाटांवर निळसर प्रकाश पाडणारा हाच जीव. त्याची छायाचित्रं आपण कौतुकानं एकमेकांना पाठवतो. मोठी मासळी त्याला फारशी खात नाही. त्याच्यावर पोसतात ते जेलीफिशसारखे जीव, आणि त्यांनी भरलेलं जाळं ओढून वर काढण्यात कोळ्याचा दिवस जातो.

मासे हलू लागले आहेत. तारली एकेकाळी मुख्यतः मलबार किनाऱ्याची मासळी होती. १९८०च्या दशकानंतर ती उत्तरेकडे सरकत महाराष्ट्र-गुजरातपर्यंत आली, असं केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या नोंदी सांगतात. बांगडा खोल, थंड पाण्यात उतरू लागल्याच्या खुणा आहेत: पूर्वी वरच्या थरात सापडणारा हा मासा तळाशी ओढल्या जाणाऱ्या जाळ्यांतही वाढत गेला. आणि तारलीच्या मूळ घरी, केरळात, २०१२ साली जवळपास ३ लाख ९० हजार टन पकड होती ती २०२१ मध्ये ३,२९७ टनांवर आली. नंतर ती काहीशी सावरली, पण मधल्या काळात तारलीवर जगणारी घरं दुसऱ्या कामाला लागली. सगळा दोष तापमानावर टाकणं मात्र खोटेपणाचं होईल. लहान पिल्लं उपसणारी बारीक आसाची जाळी, पर्ससीन, दिव्यांच्या उजेडातली मासेमारी यांनी समुद्र आधीच दमवला होता. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्यानं पापलेटला राज्यमासा म्हणून घोषित केलं ते त्याची पिल्लं वाचावीत या हेतूनं. दमलेल्या समुद्राला ताप चढला आहे, असं म्हणणं सत्याच्या जास्त जवळ जातं. आणि वादळाच्या इशाऱ्यामुळे होड्या किनाऱ्यावर थांबतात ते दिवस वाढले. बोंबील सुकायला वलांडीवर घातला आणि नोव्हेंबरात पाऊस आला की तो सडतो. वेसावे, अर्नाळा इथल्या कोळणींचं ते वर्षभराचं भांडवल असतं. शेतातल्या पिकाचा पंचनामा होतो. वलांडीवरच्या मासळीची भरपाई मिळवायला मात्र दर वेळी मोर्चे काढावे लागतात.

प्रवाळांची कहाणी थोडक्यात सांगता येते, इतकी ती सरळ आहे. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा अंशभर जास्त काही आठवडे तापलं की प्रवाळ आपल्या पेशींतली रंगीत शैवालं बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. लक्षद्वीपात हे १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ साली मोठ्या प्रमाणावर झालं. १९९८ पासून तिथं काम करणाऱ्या अभ्यासकांच्या मोजणीत जिवंत प्रवाळांचं आच्छादन २४ वर्षांत साधारण निम्म्यावर आलं. प्रवाळाला सावरायला दहाएक वर्षं लागतात आणि दोन तापांमधलं अंतर कमी होत चाललं आहे. लक्षद्वीपची बेटं या प्रवाळांनीच रचलेली आहेत, समुद्रापासून जेमतेम मीटर-दोन मीटर उंच. उत्तर हिंदी महासागराची पातळी १९९३ ते २०१७ या काळात वर्षाला ३.३ मिलिमीटरनं वाढली, आधीच्या शतकातल्या वेगाच्या दुपटीच्या आसपास. बांध ढासळतो आहे आणि पाणी चढतं आहे, अशी त्या बेटांची स्थिती.

आपल्या किनाऱ्यावर वेळास, आंजर्ले, गुहागर या गावांत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन ती घरटी राखली. पूर्वी अंडी विकणारे हात आता ती जपतात. मला महाराष्ट्रातली ही सगळ्यात सुंदर कामगिरी वाटते. कासवाच्या पिल्लाचं लिंग वाळूच्या तापमानावर ठरतं. वाळू थंड असेल तर नर, गरम असेल तर माद्या, आणि फारच तापली तर अंडं आतच मरतं. हंगाम उशिरा सुरू झाला की शेवटची घरटी एप्रिल-मेच्या उन्हात सापडतात. घरट्यांवर सावली धरणं, पाणी शिंपडणं हे उपाय आता कासवमित्रांच्या रोजच्या कामाचा भाग आहेत. वर घाटात आंबोलीच्या सड्यांवर एक लहानसा भेक राहतो. आंबोली आणि तिच्या आसपासचा भाग सोडला तर जगात तो कुठं नाही. पावसाच्या सुरुवातीला कातळावर साचलेल्या उथळ डबक्यांत तो थोड्या दिवसांत आपला सगळा संसार उरकतो. पाऊस येऊन दोन आठवडे दडी मारून बसला तर डबकं आटतं आणि त्या वर्षीची पिढी कातळावर सुकते. शेतकऱ्याची दुबार पेरणी होते. या भेकाला बहुधा तीही संधी नसते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या उभयचरांच्या जागतिक पाहणीत ४१ टक्के प्रजाती धोक्यात आढळल्या, आणि गेल्या दोन दशकांत ज्यांची अवस्था बिघडली त्यांच्या बाबतीत हवामानबदल हेच सर्वांत मोठं कारण निघालं.

पठारावर परत येतो. मराठवाड्यानं २०१२ पासून जे पाहिलं ते एका प्रदेशाच्या वाट्याला यायला फार आहे. २०१२-१३ चा दुष्काळ. फेब्रुवारी-मार्च २०१४ ची गारपीट, ज्यात गहू, हरभरा, द्राक्षं, मोसंबी झोपली. २०१५-१६ चा दुष्काळ, ज्यात एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. मग २०१८ चा दुष्काळ, आणि २०२५ चा पूर. दुष्काळातून उठायला कर्ज काढलं, ते फिटण्याआधी गारा. गारांचं कर्ज फिटण्याआधी पुन्हा दुष्काळ. आकड्यांतून ही थकवा आणणारी साखळी दिसत नाही, कारण प्रत्येक आपत्तीची फाईल वेगळी असते. धरणांचं आणि विहिरींचं पाणी उसाकडे वळल्यामुळे कोरडवाहू शेतकऱ्याचा आधार आधीच गेला होता, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं. पिकानं दगा दिला की बीड, धाराशिव, परभणीतली कुटुंबं कोयता घेऊन साखरपट्ट्यात जातात. पती-पत्नीची जोडी म्हणजे एक कोयता. एक दिवस खाडा झाला तर मुकादम दंड कापतो. पाळीचे दिवस, बाळंतपण, आजार यांना त्या हिशेबात जागा नाही. २०१९ साली नेमलेल्या राज्य समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८० हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. या शस्त्रक्रियांना हवामानबदल जबाबदार आहे असं मी म्हणणार नाही. तो जबाबदार आहे फडावर जाणाऱ्या जोड्या वाढण्याला. पुढचं सगळं आपल्या व्यवस्थेचं आहे. ढग आणि गर्भपिशवी यांच्यामध्ये किती दुवे आहेत आणि त्यांतले किती माणसांनी बनवलेले आहेत, ते यावरून दिसावं.

उष्म्याबद्दल आपण अजून गंभीर झालेलो नाही. हवामान खातं मैदानी भागात ४० अंश आणि किनाऱ्यावर ३७ अंश हा पाया धरून उष्णतेच्या लाटेचा विचार करतं. पण शरीर थंड होतं ते घाम सुकल्यानं, आणि हवा दमट असेल तर घाम सुकत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला उघड्या मैदानावर भर उन्हात एक मोठा सोहळा झाला. जवळच्या केंद्रावरचं तापमान चाळिशीच्या खाली होतं. १४ माणसं उष्माघातानं गेली. चंद्रपूर-नागपूरचा कोरडा ४६ अंश आणि कोकणपट्टीचा दमट ३८ अंश हे शरीराला सारखेच मारक ठरू शकतात, हे तेव्हा कळायला हवं होतं. दुसरी दुर्लक्षित गोष्ट म्हणजे रात्र. दिवसभर तापलेल्या पत्र्याच्या खोलीत रात्रीही पारा उतरला नाही तर शरीराला विसावा मिळत नाही. दुसऱ्या दिवशी बांधकामावर जाणारा मजूर आदल्या दिवसाचा ताप घेऊनच जातो. मार्च-एप्रिल २०२२ मधल्या उष्णतेची शक्यता हवामानबदलामुळे सुमारे ३० पटींनी वाढल्याचं आंतरराष्ट्रीय शास्त्रज्ञांच्या गटानं काढलं होतं. त्या उन्हाळ्यात उत्तरेत गव्हाचा दाणा बारीक राहिला आणि मे महिन्यात केंद्रानं गव्हाची निर्यात थांबवली. मजुरांच्या शरीरावर काय झालं त्याची नोंद त्या मानानं फारच थोडी. उष्माघाताचा मृत्यू बहुतेक वेळा हृदयविकार म्हणून लिहिला जातो. अहमदाबादनं २०१० च्या जीवघेण्या उन्हाळ्यानंतर २०१३ साली उष्मा कृती आराखडा केला: आधी इशारा, दवाखान्यांची तयारी, कामाच्या वेळा बदलणं, पाणपोया. हा आराखडा पुढे अनेक शहरांनी घेतला. दुपारच्या सुट्टीचा रोज कोण देणार, हा प्रश्न बहुतेक ठिकाणी कोरा राहिला.

या सगळ्याला कारण झालेला धूर कुणाचा, हेही लिहायलाच हवं. भारतात माणशी कार्बन डायऑक्साइडचं उत्सर्जन वर्षाला सुमारे दोन टन आहे, अमेरिकेत चौदाच्या आसपास. त्या दोन टनांतही नरिमन पॉइंटच्या वातानुकूलित कचेऱ्या आणि इर्शाळवाडीची चूल एकत्र मिसळलेली आहेत. सरासरीचा दोष पावसात आहे तसाच इथंही आहे.

उपायांच्या नावाखाली जे चाललं आहे त्यातलं काही खरोखर चांगलं आहे. वादळांचे इशारे आता चार-पाच दिवस आधी, नेमके मिळतात. निसर्ग वादळात त्यामुळेच माणसं वाचली. राज्यात २०१२ पासून स्वतंत्र कांदळवन कक्ष आहे, आणि खाजणांची राखण त्यामुळे नक्कीच सुधारली. पोकरा नावानं ओळखल्या जाणाऱ्या प्रकल्पानं मुख्यतः मराठवाडा-विदर्भातल्या पाच हजारांवर गावांत शेततळी, बांधबंदिस्ती, रुंद सरी-वरंब्यावरची पेरणी हे काम नेलं. रुंद वरंब्यावर पेरलेलं सोयाबीन जास्त पावसात पाणी सरीत सोडतं आणि उघडिपीत तीच ओल वापरतं. इतकी साधी गोष्ट दोन्ही टोकांच्या हवामानाला पुरी पडते. मला अशा उपायांवर मोठ्या भिंतींपेक्षा जास्त विश्वास वाटतो.

पण नुकसान मोजण्याची आपली पद्धत अजून जुन्या पावसाची आहे. फळपीक विम्याचे निकष ठरावीक तारखांना बांधलेले असतात. अवेळी पावसाची मुदत संपल्यावर पाऊस आला तर तो विम्याच्या लेखी अवेळी नसतो. शेतीसाठी अतिवृष्टी म्हणजे महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस. मंडळात गावं दहा-वीस किंवा त्याहून अधिक, आणि स्वयंचलित हवामान केंद्र एक. पूर्वी झड लागायची तेव्हा सगळ्या मंडळाला ती सारखी भिजवायची, एक मापक पुरत असे. आता एका शिवारात ढग फुटल्यासारखा कोसळतो आणि दोन मैलांवर रस्ता कोरडा असतो. केंद्र त्या कोरड्या बाजूला असलं की तलाठ्याच्या कागदावर ४० मिलिमीटर येतात. मग त्या शिवारातला शेतकरी मोबाईलवर काढलेला वाहत्या बांधाचा व्हिडिओ घेऊन तहसील कचेरीच्या व्हरांड्यात उभा राहतो. ग्रामपंचायतीगणिक एक केंद्र बसवायचं ठरलं आहे. त्या कामाचा वेग किती असेल, यावर पुढच्या सप्टेंबरात त्या व्हरांड्यात कितीजण उभे असतील ते ठरेल.